दुधाचे खाडे, डोक्याचे खाडे

हिशेबाच्या पट्टीवर ३७ पोती लिहिलेली होती. लिहिली मीच, म्हणून ३७ हे ठाऊक. दिसत होता नुसता ३. शेजारच्या ७ च्या जागी काहीच नव्हतं. काळा डाग नाही, धुकं नाही, नुसतंच नाही. मान जरा फिरवली तर ७ दिसला आणि ३ गेला. डोळे चोळले, ओढणीने घाम पुसला, एकेक डोळा झाकून पाहिला. दोन्ही डोळ्यांत तेच. मग त्या रिकाम्या जागेच्या कडेला एक रेघ चमकायला लागली. करवतीसारखी दातेरी, वेल्डिंगच्या उजेडासारखी लखलखणारी. मिनिटामिनिटाला फुगत ती डाव्या अंगाला सरकू लागली.

२०१० चा मार्च होता. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब बघते, तेव्हाही बघत होते. हळदीचा हंगाम ऐन भरात, बाहेर सौदे चाललेले, पोत्यांच्या थप्प्या, हवेत पिवळी धूळ, आणि मी टेबलाशी बसून देव आठवतेय. डोळे गेले, आता नोकरीही गेली, एवढंच मनात. एका हमालाने माझ्या तोंडाकडे बघून पाण्याचा तांब्या पुढे केला. "ताई, ऊन लागलं व्हय? घोटभर प्या." वीस-पंचवीस मिनिटांनी रेघ विरली, ३७ चे पुन्हा ३७ झाले. सुटले बाई, म्हणते न म्हणते तोच उजव्या कानशिलात ठोके सुरू झाले. घरी जाऊन तीनदा उलटी झाली, रात्री कधीतरी डोळा लागला, आणि ठोके थांबले ते दुसऱ्या दिवशी दुपारी.

डोकं त्याआधीही दुखायचं, अगदी कॉलेजपासून. पण ते मी दुखणं म्हणून धरलंच नव्हतं. आमच्या घरात बायकांचं डोकं दुखतच असतं, अशी माझी समजूत. आईचं डोकं 'धरायचं'. तासगावजवळच्या आमच्या गावी ती जुन्या पातळाची चिंधी कपाळाला करकचून आवळायची आणि माजघरात भिंतीकडे तोंड करून पडायची. आम्ही भावंडं त्या दिवशी चपला हातात घेऊन चालायचो. सहाणेवर सुंठ उगाळून तिच्या कपाळाला लेप लावायचं काम माझ्याकडे. लेप वाळला की कपाळाला भेगा पडल्यासारखं दिसायचं, आणि मला वाटायचं, दुखणं त्या भेगांतून बाहेर जात असणार. शेजारच्या आत्याबाईंनी एकदा सूर्य उगवायच्या आत दुधातून जिलेबी खायचा उपाय सांगितला. आईला गुण आला की नाही आठवत नाही, पण उरलेली जिलेबी आम्हाला मिळायची, म्हणून आम्हा पोरांचा त्या उपायावर फार विश्वास. मंतरलेला दोराही झाला. आई म्हणायची, "अर्धशिशी आहे, जीव घेत नाही आणि सोडतही नाही."

अर्धशिशी म्हणजे अर्ध्या शिराचं दुखणं. आयुर्वेदात अर्धावभेदक म्हणतात. मायग्रेन हा शब्दसुद्धा ग्रीक भाषेतल्या 'अर्धी कवटी' अशाच अर्थाच्या शब्दावरून आलाय. सगळ्यांनी मिळून एकच नाव ठेवलं, आणि त्या नावानेच माझी फसवणूक केली. माझं कधी उजवं दुखायचं, कधी डावं, कधी मानेपासून पूर्ण डोकं. मग ही अर्धशिशी कशी असेल? म्हणून मी दुसरं काहीतरी शोधत राहिले.

पहिलं सापडलं पित्त. उलटी झाली की बरं वाटायचं, म्हणजे पित्तच चढलेलं, यावर माहेर, सासर आणि दुकान या तिघांचं एकमत. दोन वर्षं कोकम, मोरावळा, सकाळी अनशेपोटी कोमट पाणी. मग चष्मा. नंबर निघाला पाव, पण काच लावून दिली. मग सायनस. हळदीच्या धुळीत आणि मिरचीच्या ठसक्यात काम करणारी बाई, डोळ्यांवर आणि गालांच्या हाडांवर दुखतंय, नाकातून पाणी येतंय, म्हटल्यावर दुसरं काय असणार? वाफारे, नाकातले थेंब, दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स. मायग्रेनमध्येही नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, कारण चेहऱ्याची आणि डोक्याची ती मोठी नस, ट्रायजेमिनल, तीच सगळीकडे पसरलेली आहे, हे मला फार पुढे कळलं. तोवर मी हळदीला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या होत्या.

आणि गोळी. ती कुणी लिहून दिली नाही, ती आपसूक घरात आली. यार्डाच्या बाहेरच्या मेडिकलमध्ये 'डोक्याची द्या' म्हटलं की मिळायची. आधी नुसती पॅरासिटामॉल, मग तीत कॅफिन घातलेली, मग जोडीला आणखी एक. सुरुवातीला डोकं दुखल्यावर घ्यायची. पुढे दुखेल या भीतीने घ्यायला लागले. ३१ मार्चचे हिशेब, बेदाण्याच्या सौद्याचा दिवस, नणंदेच्या मुलीचं लग्न, सगळीकडे सकाळीच एक घेऊन निघायचं. पर्समध्ये घराची किल्ली एखादे वेळी विसरेल, पाकीट विसरत नसे. सासूबाई म्हणायच्या, "आमच्या वेळी एवढं नव्हतं बाई. तू जरा नाजूकच." त्यात कुचकेपणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

२०२२ च्या जानेवारीत एका दुपारी मला 'बारदान वजा' हे दोन शब्द वाचता येईनात. रेघ नव्हती, दुखणं नेहमीचंच होतं, पण सलग अकरावा दिवस होता. मालक म्हणाले, "मॅडम, मिरजेला दाखवून या. दुकान कुठं पळून जात नाही." सांगलीकराला मोठं दुखणं झालं की मिरज, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. यांनी वाटेत एटीएममधून एमआरआयचे पैसे काढून घेतले होते.

डॉक्टरांनी सुरुवातीला बराच वेळ नुसतेच प्रश्न विचारले. कधी एका झटक्यात, आयुष्यात कधी दुखलं नाही असं भयंकर दुखलं का? सोबत ताप, मान ताठणं? हातापायातली ताकद गेली, बोबडी वळली, फिट आली? डोक्याला मार? नाही, नाही, नाही. हे प्रश्न का, असं यांनी विचारल्यावर म्हणाले, यातलं एकजरी 'हो' असतं तर आत्ता गप्पा मारत बसलो नसतो. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच असं दुखायला लागलं तरी आधी तपासण्या करतो. मग डोळ्यांत दिव्याने आत पाहिलं, हातोडीने गुडघे ठोकले, रेघेवरून चालायला लावलं. आणि म्हणाले, स्कॅनची गरज दिसत नाही. यांचा चेहरा पडला. पैसे वाचले याचा आनंद व्हायला हवा होता, पण काढलेले पैसे तसेच परत न्यायचे म्हणजे आजारपण वाया गेल्यासारखं वाटलं असावं.

त्या चमकत्या रेघेबद्दल मी बारा वर्षांत कुठल्याच डॉक्टरला बोलले नव्हते. वेड्यात काढतील म्हणून. डॉक्टरांनी समोरच्या कागदावर पेनाने दातेरी अर्धचंद्र काढला आणि विचारलं, "अशी?" मला रडूच आलं. ते म्हणाले, ही डोळ्यात नसते. मेंदूच्या मागच्या भागात, जिथे दिसण्याचं काम चालतं, तिथे एक लाट मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकते, म्हणून एकेक डोळा झाकला तरी दोन्हींत दिसते. याला ऑरा म्हणतात. सगळ्यांना येत नाही, मायग्रेनच्या दर तीन-चार जणांत एखाद्याला. मग विचारलं, कुटुंबनियोजनाच्या गोळ्या घेता का? लेकीच्या जन्मानंतर पाळी नियमित व्हावी म्हणून मी तसल्या गोळ्या दोन वर्षं घेतल्या होत्या. ऑरा येणाऱ्या बाईने इस्ट्रोजेन हे हार्मोन असलेल्या गोळ्या घ्यायच्या नसतात, लकव्याचा धोका वाढतो. मला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं.

शेवटचा प्रश्न असा: "महिन्यातले किती दिवस डोकं दुखतं ते नका सांगू. किती दिवस अजिबात दुखत नाही, ते सांगा."

मला उत्तर देता आलं नाही. शेकडो पोत्यांचा हिशेब पैशापर्यंत जुळवणारी मी, आणि माझ्याच डोक्याची नोंद माझ्याकडे नाही. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर लिहून आणा. डोकं, गोळी, पाळी, झोप, जेवण. काय दिसतंय ते बघून औषध ठरवू."

वही घालायची तर ती हरवणार. म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच लिहायला लागले. तिथे दुधाचे खाडे लिहिलेले असतातच. ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या चौकोनात 'खा', जास्त घेतलं तर '+१'. त्याच चौकोनात मी 'डो' लिहायला लागले, गोळी घेतली की त्याखाली टिंब, दोन घेतल्या तर दोन. पहिल्याच महिन्याच्या अखेरीला यांनी हिशेब करताना सगळे 'डो' खाडे म्हणून मोजले आणि दूधवाल्या काकांच्या हातात दहा दिवसांच्या दुधाचे पैसे ठेवले. काका कॅलेंडरसमोर येऊन उभे राहिले. "दादा, अठरा लिटर दूध काय माझ्या म्हशीनं पिलं?"

त्या वेळी काकांना समजावताना सासूबाईंनी पहिल्यांदा ते पान नीट पाहिलं. बोट ठेवून मोजलं. फेब्रुवारी, २८ दिवसांचा महिना, त्यात १८ 'डो'. काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी टीव्हीचा आवाज मात्र बारीक होता.

मिरजेला ते पान काढून नेलं, मागच्या बाजूच्या पाककृतीसकट. डॉक्टरांनी माझे 'डो' मोजले नाहीत, टिंबं मोजली. गोळीचे दिवस १७. म्हणाले, तुम्हाला दोन आजार आहेत. एक आईकडून आलेला, दुसरा मेडिकलमधून. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा त्याहून जास्त दिवस, किंवा मिश्र गोळी, ट्रिप्टान (खास मायग्रेनची गोळी) असलं काही १० किंवा त्याहून जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. गोळीचा अंमल उतरला की दुखतं, दुखतं म्हणून गोळी, ती उतरली की परत. सावकाराचं व्याज सावकाराकडूनच उसने घेऊन फेडायचं, तसं.

गोळ्या बंद करायच्या ठरल्या. कामाचा जोर ओसरल्यावर, जुलैमध्ये करू म्हणाले. माझ्या चालू होत्या त्या एकदम थांबवण्यासारख्या होत्या. काही गोळ्यांत गुंगीचं औषध असतं, त्या अशा झटक्यात सोडायच्या नसतात, तेव्हा हे आपल्या मनाने करू नये. मधल्या दिवसांसाठी उलटीची गोळी आणि रात्रीचं एक औषध दिलं.

ते पहिले दहा दिवस सांगण्यासारखे नाहीत, तरी सांगते. बाहेर पाऊस. घरातले सगळे कृष्णेच्या पाण्याच्या बातम्या ऐकत होते आणि मी ओला टॉवेल डोळ्यांवर टाकून पडलेली. फोडणीचा वास आला की पोटात ढवळायचं. तिसऱ्या रात्री मी यांना म्हटलं, एकच द्या, मी कुणाला सांगणार नाही. यांनी पाकीट कुठे ठेवलंय ते सांगितलं नाही. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी हात थरथरत होते, झोप नव्हती. अकराव्या दिवशी सकाळी उठले, चहा ठेवला, दूध उतू जायच्या आत गॅस बंद केला, लेकीची वेणी घातली, आणि मग लक्षात आलं की काहीतरी नाहीये. डोकं दुखत नव्हतं. किती वर्षांनी, कोण जाणे. मी तशीच ओट्याला टेकून उभी राहिले, हलले तर परत येईल म्हणून.

परत आलंच, दोन दिवसांनी. पण आता ते यायचं आणि जायचं. मुक्कामाला नसायचं.

रोज घ्यायचं औषध ठरवायला मात्र वेळ गेला. मायग्रेन येऊच नये म्हणून देतात ती बहुतेक औषधं मुळात दुसऱ्याच कशासाठी काढलेली. प्रोप्रॅनोलॉल हृदयाचं, पण मला लहानपणी दमा होता म्हणून ते बाद. टोपिरामेट फिट्सचं. ते सुरू केलं. डोकं कमी झालं, पण बोटांना मुंग्या यायच्या. नोटा मोजताना बोटाखाली एक नोट आहे की दोन, ते कळेना. त्याहून वाईट म्हणजे शब्द हरवायला लागले. हमालाला हाक मारून 'ते… ते…' करत बसले, आणि 'सुतळी' आठवेना. सुतळी! यार्डात बारा-पंधरा वर्षं काढलेल्या बाईला. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी ते हळूहळू कमी करून अॅमिट्रिप्टिलीन दिलं, रात्री १० मिलिग्रॅम. मेडिकलवाला पोरगा चिठ्ठी वाचून म्हणाला, "वहिनी, ही डिप्रेशनची गोळी आहे, माहितीय ना?" गल्लीतल्या चार माणसांसमोर. मी घरी येऊन ती डबी आठवडाभर तशीच ठेवली. मग फोन केला. डॉक्टर म्हणाले, डिप्रेशनला याच्या कितीतरी पट जास्त द्यावी लागते, आणि तशी दिली असती तरी लाज कसली? तोंडाला कोरड पडते, सकाळी जरा जड वाटतं, वजन दोन किलो वाढलं. पण मानवली. परिणाम दिसायला दीड-दोन महिने लागले. मध्येच सोडून दिली असती तर 'याचाही उपयोग नाही' म्हणून मोकळी झाले असते.

तोवर कॅलेंडर बोलायला लागलं होतं. सगळ्यांत आधी दिसली संकष्टी. त्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, नऊ वाजून अमुक मिनिटं, आणि तिच्याखाली हमखास माझा 'डो', नाहीतर दुसऱ्या दिवशी. सकाळी चहा, दुपारी दोन केळी, मग रात्री चंद्र दिसेपर्यंत काही नाही. पावसाळ्यात तर ढगांमुळे चंद्रही वेळेवर सापडत नाही. दीर्घ उपाशी राहणं हे मायग्रेनचं ठरलेलं निमंत्रण. लग्नापासून धरलेली संकष्टी सोडायची कशी, हे मी सासूबाईंना विचारणारच नव्हते. त्यांनीच एकदा दुपारी साबुदाण्याच्या खिचडीची ताटली समोर ठेवली. "दर दोन-तीन तासांनी काहीतरी खायचं. आणि चंद्राची वाट मी बघते, तू जेवून घे. गणपतीला सांगितलंय मी." त्यांनी गणपतीला काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

पाळीच्या आधीचे दोन दिवस दिसले. इस्ट्रोजेन एकदम उतरतं म्हणून. त्याला इलाज नव्हता, पण ते दोन दिवस आधीच माहीत असले की मी त्या दिवशी कुठल्या लग्नाला हो म्हणत नाही.

रविवार दिसला. सुट्टीच्या दिवशी दुखतंय म्हटल्यावर घरच्यांनी भुवया उंचावल्या, पण रविवारी मी दीड तास उशिरा उठायची, म्हणून पहिला चहा उशिरा, नाश्ता उशिरा, आणि त्यात केस धुवायचे. शरीराला कॅफिनची वेळ चुकलेली कळते. मी उठण्याची वेळ रविवारीही तीच केली आणि केस धुणं बुधवारवर टाकलं. रविवारचे 'डो' कमी झाले, बुधवारचे वाढले! केस धुण्याने डोकं दुखतं हे मी सांगायची तेव्हा लोक हसायचे. पण मुंबईतले डोकेदुखीचे तज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली ९४ भारतीय रुग्णांचा अभ्यास याच विषयावर छापलेला आहे. डोक्यावरून अंघोळ केल्यावर मायग्रेन उठणाऱ्या रुग्णांचा. ते मला मिरजेला कळलं, तेव्हा मी ९५ वी असल्यासारखी ताठ बसले. माझे केस कमरेखाली होते, ओले झाले की संध्याकाळपर्यंत वाळत नसत. खांद्यापर्यंत कापून टाकले. आईने फोनवर विचारलं, "सगळेच?" आता अर्ध्या तासात वाळतात.

आणि जे दिसलं नाही ते म्हणजे हळद. सौद्याचे दिवस आणि माझे 'डो' यांचा काही मेळ बसेना. दुपारी समोरच्या गोदामाच्या नव्या पत्र्यांवरून परतणारं ऊन डोळ्यांत जायचं, त्याचा मात्र बसला. टेबल फिरवून घेतलं, आता पाठ पत्र्याकडे. बारा वर्षं हळदीने माझ्या शिव्या फुकट खाल्ल्या.

पेढ्याचीही तीच गत. गोड खाल्लं की दुखतं, असं आमच्याकडे पक्कं ठरलेलं. डॉक्टर म्हणाले, पुष्कळदा उलटं असतं. डोकं दुखायच्या काही तास आधीच मेंदूत गडबड सुरू झालेली असते, तेव्हा गोड खावंसं वाटतं. खरंच, मी नीट पाहायला लागले तर ओळीने सगळं सापडलं. आदल्या संध्याकाळी सारख्या जांभया, मान आखडलेली, उगाच चिडचिड, आणि फ्रिज उघडून गोड काय आहे ते बघणं.

सांगलीच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. ४० ला सामान माळ्यावर चढवायचं असतं. ४५ ला चढवू म्हटलं तर तोवर पाणी उंबऱ्यात. जांभया आल्या की माझे ४० फूट झाले. पोटभर पाणी, दोन घास, उन्हातून आत, मोबाईल बाजूला, रात्रीचं जागरण रद्द. दहातल्या तीन-चार वेळा पाणी तिथूनच उतरतं.

नाही उतरलं, ठोके सुरू झालेच, तर वाट बघायची नाही. आधी मी 'बघू, कमी होईल' म्हणत दोन तास काढायची आणि मग उलटीच्या बेतात असताना गोळी घ्यायची. मायग्रेनमध्ये पोट मंदावतं, गोळी तिथेच पडून राहते. म्हणून आता उलटीची गोळी आणि सुमाट्रिप्टान ५० मिलिग्रॅम, दुखायला लागताच. नुसती रेघ चमकत असताना नाही, दुखणं सुरू झाल्यावर. ही ट्रिप्टान गटातली औषधं नुसती वेदना मारत नाहीत, मायग्रेनच्या यंत्रणेवरच काम करतात. पण ज्यांना हृदयविकार आहे किंवा लकवा होऊन गेलाय, त्यांना चालत नाहीत, म्हणून देण्याआधी माझा ईसीजी काढला, रक्तदाब पाहिला. आठवड्यातून दोन दिवसांच्या वर घ्यायची नाही, अशी ताकीद आहे. पहिल्यांदा घेतली तेव्हा गळ्यापाशी कुणीतरी हलका हात ठेवल्यासारखं जड झालं, घाबरले. तसं होऊ शकतं हे आधी सांगितलं होतं म्हणून पडून राहिले. एक तास पाच मिनिटांनी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी ती ऐकली, आणि ती डोक्यात घुसली नाही. कुकरच्या शिट्टीचा इतका आनंद मला भूक लागलेली असतानाही झाला नव्हता.

दुसरा दिवस अजूनही धुऊन पिळून दांडीवर टाकलेल्या पोलक्यासारखा जातो. त्या दिवशी मी मोठ्या बेरजा करत नाही, केल्या तर दिवाणजींकडून तपासून घेते.

बरी झालेय का? नाही. या वर्षी महिन्याला सरासरी चार-पाच 'डो' आहेत, ३१ मार्चच्या आठवड्यात तीन सलग आले. गणपतीत मिरवणुकीच्या रस्त्यावर माझी जाऊबाई राहते, त्या दिवशी मी तिच्याकडे जात नाही, आणि याचा तिला राग आहे. माझं वय ४८ आहे, पाळी मागेपुढे होतेय, त्यामुळे कॅलेंडरचा अंदाज चुकायला लागलाय. सीजीआरपी नावाच्या द्रव्याला अडवणारी इंजेक्शनं निघालीत, अमेरिकेत २०१८ साली पहिलं मंजूर झालं. मी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, सध्या तुम्हाला गरज नाही, आणि किंमत सांगितली. मला ऐकूनच गरज नसल्याचं पटलं.

आईला मी हे सगळं उशिरा सांगितलं. तिचं तर साठीनंतर कमी होत गेलंय. गोळीचं पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघत म्हणाली, "एवढीशी?" मग थोड्या वेळाने, "सुंठेचा लेप बरा लावायचीस तू." मी अजूनही लावते कधी कधी. गार वाटतं, आणि कपाळ ताणलं जातं तेही आवडतं. डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले लावा की.

लेक यंदा दहावीला आहे. जूनमध्ये क्लासवरून आली ती थेट आतल्या खोलीत जाऊन पडदा ओढून पडली. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी मिक्सर बंद केला. तिला दुसऱ्याच आठवड्यात दाखवून आणलं, पित्त नाही, चष्मा नाही, बारा वर्षं नाहीत. डबा न खाता क्लासला पळणं आणि रात्री एकपर्यंत जागणं, सध्या एवढ्यावरच भर आहे. गोळी आठवड्याला दोन दिवसांच्या वर नाही, हे तिला पाठ आहे.

तिनेही कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केलीय. माझा 'डो' निळा, तिचा पेन्सिलीचा, चौकोनाच्या उजव्या कोपऱ्यात. दुधाचा 'खा' तसाच मधोमध. परवा महिनाअखेरीला हे चष्मा नाकावर घेऊन बराच वेळ त्या पानासमोर उभे होते. दूधवाले काका दारात. शेवटी आतल्या बाजूला वळून विचारलं, "यातला दुधाचा कुठला?"